‘कळलं का?’ हा प्रश्नच सोडा

शिकण्या-शिकवण्यातल्या अडचणींबद्दल या वेळी आलेल्या पत्रांतली पाच घेतली आहेत. नावं गाळली, तालुके ठेवले; कारण कुठली शाळा हे कळल्याशिवाय तिथली अडचण कळत नाही. मी स्वतः अर्धं आयुष्य महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर जिल्हा परिषदेच्या शाळांमधून हिंडतो आहे, तेव्हा उत्तरांत दोन्हीकडचा वास येईल.

आमची द्विशिक्षकी शाळा. तिसरी-चौथी मिळून २३ लेकरं माझ्याकडे. चौथीतल्या सहा जणांना जोडाक्षर सोडा, काना-मात्राही धड लागत नाही. केंद्रप्रमुख आले की पाठ कुठवर आला एवढंच विचारतात. काय करू?
(शिक्षिका, सेनगाव तालुका, हिंगोली)

मॅडम, पुस्तक पुढे जातंय आणि लेकरं मागे राहतायत, हे तुमच्या एकट्याच्या शाळेचं नाही. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचे ‘असर’ अहवाल २००५ पासून तेच सांगतायत: पाचवीत बसलेल्या कितीतरी मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत नाही.

रोज एक तास इयत्ता विसरा. आधी दोन दिवस मोडून प्रत्येक लेकराला एकेकटं जवळ बसवा. चार कागद ठेवा: सुटी अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा उतारा, दहा-बारा ओळींची गोष्ट. जिथे अडेल तो त्याचा गट. चौथीतला एखादा शब्दांच्या गटात निघेल, तिसरीतली एखादी पोरगी गोष्ट घडाघडा वाचेल. निघू द्या, लाजायचं कारण नाही. त्या तासाला शाळेत इयत्ता नसतातच, फक्त गट असतात. दुसऱ्या शिक्षकांनाही यात ओढा, म्हणजे पहिली-दुसरीची लेकरंही वाटून घेता येतील.

ही पद्धत ‘प्रथम’ची. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो (ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांच्या गटाने तिची वेगवेगळ्या राज्यांत परीक्षा घेतली. त्यातली एक गोष्ट आपल्या प्रशिक्षणवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी. शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं तिथे फारसं काही हललं नाही. हरियाणात वेळापत्रकात त्यासाठी तास राखून गट पाडले, तिथे वाचन सुधारलं. म्हणून तास राखा. ‘वेळ मिळेल तसं घेते’ म्हणाल तर वेळ मिळत नसतो.

अक्षरगटाला बाराखडी घोकायला लावू नका. त्यांच्या स्वतःच्या नावांच्या चिठ्ठ्या करा. ‘कविता’मधला ‘क’ आणि ‘विकास’मधला ‘का’ यांत फरक काय, इथून काना सुरू होतो. तांड्यावरची लेकरं असतील तर पहिले काही दिवस ‘आई’च्या शेजारी ‘याडी’ही फळ्यावर येऊ द्या. ते लेकरू मुकं नाही, त्याच्या घरची भाषा गोरमाटी आहे. आणि आपण पुस्तकी मराठीत विचारल्यावर ते गप्प बसतं, तेव्हा आपण त्याला ‘कच्चं’ म्हणून मोकळे होतो. हिंगोलीच्या पोराने ‘मी करायलोय’ म्हटलं तर वाक्य मध्येच तोडून ‘करतो आहे’ म्हणायला लावणाऱ्यांचाही मला राग येतो. बोलून तर होऊ द्या.

गणिताचंही असंच एक. पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. म्हणून लेकरू आधी ५ लिहितं आणि पुढे २, झाले बावन्न. एकोणसाठला तर हमखास ६९. हा आळशीपणा नाही, मराठी संख्यानामांची रचनाच तशी आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ आलं तेव्हा केवढी टिंगल झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या. मी त्यांच्या बाजूचा. आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून आधी ‘दोन दहा आणि पाच’ म्हणवून घ्या, मग पंचवीस. एकोणसाठला साठ काड्या मांडून एक काढून घ्या.

केंद्रप्रमुखांसाठी एकच तक्ता लावा: जुलैत कोण कुठल्या गटात होतं, आज कुठे आहे. असा तक्ता समोर असला की पाठ कितवा चाललाय हे विचारणारे कमी होतात, असा अनुभव आहे.

बीएस्सी प्रथम वर्षाला भौतिकशास्त्र शिकवतो. पटावर ९६, वर्गात ४०. ‘कळलं का?’ विचारलं की ‘हो सर’. चाचणीत निम्मे गार. बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली.
(सहायक प्राध्यापक, नांदेड)

सर, ‘कळलं का?’ हा प्रश्न मी अकरा वर्षं विचारला. मग एका वर्षी प्रात्यक्षिकाच्या वेळी एका मुलीला सहज विचारलं, ‘तास झाल्यावर तू हो का म्हणतेस?’ ती म्हणाली, ‘सर, नाही म्हटलं की तुम्ही तेच पुन्हा सांगता, आणि बस चुकते.’ तेव्हापासून तो प्रश्न बंद.

त्याऐवजी असं विचारा. चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यात वरच्या टोकाला तो क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याचं त्वरण किती? एक: शून्य. दोन: ९.८, खालच्या दिशेने. तीन: ९.८, वरच्या दिशेने. मिनिटभर कुणी बोलायचं नाही. मग प्रत्येकाने छातीजवळ तेवढी बोटं धरायची, शेजाऱ्याला दिसणार नाहीत अशी. निम्म्या वर्गाचं एक बोट वर असतं. वेग शून्य म्हणजे त्वरणही शून्य, असं त्यांना वाटतं; बरोबर उत्तर दोन. इथे उत्तर सांगायचं नाही. ‘शेजारच्याला पटवा’ म्हणायचं आणि दोन मिनिटं वर्गात गलका होऊ द्यायचा. पुन्हा बोटं. बहुतेक वेळा दोन बोटं धरणारे वाढलेले दिसतात. त्यानंतर तुम्ही बोला, आता ऐकायला कान तयार असतात. पहिल्याच वेळी जवळजवळ सगळ्यांची दोन बोटं आली तर पुढे चला. दोन-चार जणांचीच आली तर गलका उपयोगाचा नाही, तुम्हीच पुन्हा शिकवा.

हे हार्वर्डच्या एरिक मेझर यांनी १९९१ पासून रुळवलं. तिथेही मुलं गणितं सोडवायची आणि संकल्पनेत पडायची, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. विज्ञान, गणित, अभियांत्रिकीच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये अमेरिकेत पडताळा घेतला गेला: नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास, विद्यार्थ्यांना असं कामाला लावणाऱ्या वर्गात २२.

तोंडी प्रश्न विचाराल तर विचारून थांबा. मेरी बड रो या अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गांत मोजलं, तर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात आणि स्वतःच उत्तर देतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद फार असतात हो, मनात मोजून बघा. आणि नाव प्रश्नानंतर घ्या. आधी नाव घेतलं की बाकीचे सुटले.

भाषेचं म्हणाल तर गलका मराठीतच होऊ द्या. प्रत्येक प्रकरणाचे दहाएक इंग्रजी शब्द फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात महिनाभर पुसू नका. परीक्षेत लिहायला तेवढे लागतात. विचार मात्र ज्या भाषेत येतो त्या भाषेत करू द्यावा. निजामाच्या काळात आपल्या आजोबांना उर्दूतून भूमिती शिकावी लागली. पहिल्या बाकावरच्या दोघातिघांना ती समजली आणि बाकीच्यांनी पाठ केली, असंच घरोघरी ऐकलं आहे.

राहिले ते ५६. हजेरीच्या धाकाने ते येतीलही, पण येऊन शेवटच्या बाकावर मोबाइल बघतील. तासाची पहिली पाच मिनिटं मागच्या तासावरचे तीन प्रश्न, गुण नाहीत, वही स्वतःच तपासायची. एवढं सुरू करून महिना थांबा.

मुलगी अकरावीला लातूरला आहे. रात्री दोनपर्यंत वाचते, पुस्तक रंगवून ठेवलंय. तरी आठवड्याच्या चाचणीत गुण घसरतायत. ‘आई, वाचताना सगळं येतं’ म्हणते. क्लास बदलावा का?
(पालक, जिंतूर)

ताई, क्लास बदलू नका, वाचायची रीत बदला. ‘वाचताना सगळं येतं’ हेच तर दुखणं आहे. ओळखीचं दिसलं की येतं असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन गटांना तोच उतारा दिला. एका गटाने चार वेळा वाचला; दुसऱ्याने एकदा वाचून, पुस्तक मिटून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. तुमच्या लेकीची चाचणी आठवड्याने असते.

तिला सांगा, धडा एकदा वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भर. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद, मग चार दिवसांनी. पहिले काही दिवस ती रडकुंडीला येईल, कारण कागदावर फार थोडं उतरेल. तेव्हा घाबरू नका.

लातूर पॅटर्न बोर्डाच्या गुणवत्ता यादीच्या काळात नावारूपाला आला तो वारंवार सराव परीक्षांमुळे. पुढे इतरांनी त्यातल्या परीक्षा उचलल्या आणि चुका बघणं सोडून दिलं. गुण लावून पेपर गठ्ठ्यात टाकला तर तो पेपर वाया गेला. तिने एक चुकांची वही करावी: प्रश्न, मी काय समजले, खरं काय. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, तेव्हा ‘मला हे येत नाही’ हे नेमकं ठाऊक असणं तिथे रोख कामाला येतं.

आणि दोनपर्यंत जागू देऊ नका. वाचलेलं डोक्यात मुरायला झोप लागते. अकराला दिवा बंद. खोलीवरच्या मैत्रिणी जागतायत म्हणून ही जागत असेल, तेही एकदा विचारा.

दिवाळी झाली की आमचा निम्मा वर्ग ऊसतोडीला जातो. पट्टा पडल्यावर (हंगाम संपल्यावर) परत येतात तोवर वर्ष संपलेलं. अशा लेकरांचं काय करायचं?
(शिक्षक, धारूर तालुका, बीड)

गुरुजी, उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलेल्या बापाला ‘लेकराला ठेवून जा’ म्हणणं सोपं आहे. ठेवायचं कुणाकडे? आजी-आजोबा असतील तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून गाड्या हलायच्या आधी गेला पाहिजे. त्या हलल्यावर केलेल्या प्रस्तावाचा काही उपयोग नाही. दसऱ्याआधीच घरोघर जाऊन यादी करा. धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण नेली जाते, म्हणून पोरींची यादी आधी.

जी जाणारच त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, आणि आईबापांना नीट सांगा की कारखान्याजवळच्या शाळेला दाखला नाही म्हणून लेकराला नाकारता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच ते आहे. टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा. टोळी कुठल्या गावात उतरली ते त्याला माहीत असतं. तिथल्या मुख्याध्यापकांना तुमचा एक फोन गेला तर कोपीवरून (त्यांच्या झोपडीवरून) शाळेपर्यंतचं अंतर कमी होतं.

शिकवण्यापुरतं म्हणाल तर या लेकरांचं वर्ष जून ते ऑक्टोबर एवढंच आहे, असं धरून बेत करा. तेवढ्यात वाचन, लेखन आणि चार क्रिया पक्क्या. परिसर अभ्यासाचे पाठ मागे राहिले तर राहू द्या. परत आल्यावर बाराव्या पाठापासून सुरू करू नका. आधी उसाबद्दल बोलू द्या: खेप किती टनांची, भाव काय, कोयत्याच्या (तोडणाऱ्या जोडप्याच्या) वाट्याला किती आले, उचलीतून किती फिटले. मी एका पाचवीतल्या पोराला हा हिशेब तोंडी करताना ऐकलं आहे. त्याच पोराला हातच्याची वजाबाकी फळ्यावर जमत नव्हती. त्याला वजाबाकी येत होती, मांडणी येत नव्हती. एका दुपारचं काम होतं.

विद्यार्थी ‘बघून शिकणारा’, ‘ऐकून शिकणारा’ की ‘करून शिकणारा’ हे ओळखणारी चाचणी एक कंपनी संपूर्ण शाळेसाठी देऊ करते आहे. घ्यावी का?
(मुख्याध्यापक, जालना)

नको. अशा प्रकारांत मुलं विभागून त्यानुसार शिकवल्याने जास्त कळतं, याला भरवशाचा पुरावा नाही. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन चाळून हेच सांगितलं. नकाशा सगळ्यांनीच बघून शिकायचा असतो आणि कविता सगळ्यांनीच ऐकून.

त्या पैशात प्रत्येक वर्गाला पाट्या घ्या. प्रश्न विचारला की सगळ्यांनी लिहायचं आणि एकदम वर धरायचं. कुणाचं कुठे अडलं ते एका नजरेत दिसतं. तुमच्या मोंढ्याकडे एखाद्या जुन्या स्टेशनरीवाल्याकडे अजून मिळतील. पत्र्याच्या घ्या, दगडी फुटतात.