पीयू घ्यायचंय? आधी कुठलं ते ठरव

अरे पीयू (पॉलियुरेथेन) म्हणजे एकच मटेरियल नाही, आख्खं खानदान आहे. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या टीमने शोधलं, पॉलिऑल आणि आयसोसायनेट ही दोन रसायनं एकत्र आली की झालं पॉलियुरेथेन, पण पॉलिऑल कुठलं घेतलंय त्यावर गादीचा मऊ फोम होणार की फ्रिजच्या भिंतीतला कडक फोम ते बरंचसं ठरतं. मऊ फोमच्या पेशी (आतले बारीक बुडबुडे) उघड्या, हवा आतबाहेर करते म्हणून दाबला की दबतो नि सोडला की फुगतो, कडकवाल्याच्या बंद, आत गॅस अडकलेला, म्हणून तो उष्णता अडवतो.

खरा घोळ होतो रबरासारख्या पीयूत, म्हणजे चाकं, रोलर, सील, बुटाचे सोल वगैरे. यात पॉलिऑलवरून पॉलिएस्टर आणि पॉलिइथर असे दोन प्रकार. पॉलिएस्टरवालं घर्षणाला आणि तेलाला भारी, पण दमट हवेत पाणीच त्याचे बंध तोडतं. माझे बूट चारेक वर्षं कपाटात नुसते पडून होते, वरून अगदी नवेकोरे, घातले आणि जिना उतरेपर्यंत सोलचा चुरा पायरी पायरीवर! त्यामुळे ओलाव्याचं काम असेल तर सरळ पॉलिइथर माग. ऑर्डर देताना कडकपणाही सांग, शोअर ए मध्ये (रबराचा कडकपणा मोजायची पट्टी), स्केटचं मऊ चाक साधारण ७८ ए असतं त्यावरून अंदाज घे.

लाकडावरच्या पीयू पॉलिशचं नंतर बोलू, फक्त दोन डब्यांवालं (दोन्ही मिसळून लावायचं, एकात आयसोसायनेट असतं) स्प्रे करणार असशील तर साधा कापडी मास्क चालत नाही हां, आयसोसायनेटने दमा लागतो.