टेडी शीनचं पदक 78 वर्षं का अडलं?

‘युद्धात जीव देणाऱ्या सैनिकाला सन्मान मिळायला इतका उशीर का होतो?’ असं तुम्ही विचारलंय. मी मेलबर्नला राहतो. टास्मानियातल्या लॅट्रोब गावी टेडी शीन या ऑस्ट्रेलियन नौसैनिकाचं स्मारक पाहिलं, तेव्हापासून हाच प्रश्न माझ्याही डोक्यात आहे.

1 डिसेंबर 1942. ‘आर्मिडेल’ ही ऑस्ट्रेलियन युद्धनौका तिमोर बेटाजवळ होती. जपानी विमानांचे दोन टॉर्पेडो लागले, जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. पाण्यात उतरलेल्यांवर विमानं गोळ्या झाडत होती. टेडी शीनच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घुसल्या होत्या. तरी तो मागच्या विमानविरोधी तोफेकडे गेला, तिच्या पट्ट्यांत स्वतःला बांधून घेतलं आणि मारा सुरू केला. जहाज बुडेपर्यंत ती तोफ थांबली नाही, असं वाचलेल्या सोबत्यांनी सांगितलं. पोरगा 18 वर्षांचा, आईवडिलांचं चौदावं अपत्य. 149 पैकी 49 जण वाचले. एका तराफ्यावरच्या माणसांचा शोधविमानातून फोटो काढला गेला, पण ती माणसं पुन्हा सापडलीच नाहीत. तो फोटो माझ्याच्याने फार वेळ बघवत नाही.

टेडीला मिळाला तो फक्त ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’, म्हणजे लष्करी अहवालात नावाचा उल्लेख. तेव्हाच्या ब्रिटिश नियमांनुसार रणांगणावरच्या शौर्यासाठी मरणोत्तर दोनच गोष्टी देता येत: सर्वोच्च व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीतर हा उल्लेख. मधली सगळी पदकं जिवंत माणसांसाठी. म्हणजे तो वाचला असता, तर मधलं एखादं तरी त्याच्या वाट्याला येऊ शकलं असतं!

पुढे घरच्यांनी, विशेषतः पुतण्याने, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 2013 साली चौकशीत नकार आला. 2019 मध्ये लष्करी सन्मानांबाबतच्या लवादाने व्हिक्टोरिया क्रॉसची शिफारस केली, ती सरकारने मे 2020 मध्ये फेटाळली. कारण काय, तर नवा पुरावा नाही. हे वाचून मला संताप आला. नवा पुरावा आणायचा कुठून? डोळ्यांनी पाहिलेली माणसं 1942 पासून सांगतच होती, आणि एकेक करून जात होती.

लोकांनी टीकेची झोड उठवल्यावर पुन्हा तज्ज्ञांची समिती नेमली आणि ऑगस्टमध्ये मंजुरी आली. 1 डिसेंबर 2020 रोजी कॅनबेरात पदक टेडीच्या घरच्यांच्या हाती दिलं. ऑस्ट्रेलियन नौदलाला मिळालेला तो पहिला व्हिक्टोरिया क्रॉस.