खानापूर तालुक्यातली गावं विकिडेटावरून नकाशावर आणायची तर लायब्ररी कोणती?

तुम्हाला वाचनालयाच्या साइटवर खानापूर तालुक्यातल्या गावांचा नकाशा टाकायचाय. नावं मराठीत हवीत, माहिती विकिडेटावरून (विकिपीडियाच्या जोडीचा खुला माहितीसाठा) घ्यायची आणि त्यासाठी हलकीफुलकी जावास्क्रिप्ट लायब्ररी कोणती, असं विचारलंय. पुढेमागे अख्खा बेळगाव जिल्हा घ्यायचा विचार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लायब्ररी म्हणाल तर विकिबेस-एसडीके घ्या. तिचं मला आवडतं ते हे, की ती स्वतः सर्व्हरकडे जातच नाही. तुम्ही स्पार्कलमध्ये (विकिडेटाला प्रश्न विचारायची भाषा) क्वेरी, म्हणजे प्रश्न, लिहायची, ती यूआरएल बनवून देते. तो यूआरएल ब्राउझरच्याच फेच या फंक्शनने मागवायचा आणि आलेलं जेसॉन (माहिती मजकुरात मांडायची एक पद्धत) परत तिच्याच हातात द्यायचं, की ती ते सपाट करून देते. कच्च्या उत्तरात माहितीच्या प्रत्येक तुकड्याभोवती प्रकार, भाषा, मूल्य अशी वेष्टनं असतात. ती सोलायचं काम वाचतं, बस. पण पहिल्यांदा कच्चं उत्तर कन्सोलवर एकदा नीट बघाच. नाहीतर पुढे काही रिकामं आलं की दोष लायब्ररीचा की माहितीचा, हेच कळत नाही.

खरी गोची क्वेरीत आहे. 'कुठल्या प्रशासकीय विभागात' हा गुणधर्म म्हणजे पी १३१. गाव तालुक्याला जोडलेलं असतं आणि तालुका जिल्ह्याला. खानापूरपुरतं सरळ पी १३१ चालेल. जिल्हा घेताना मात्र त्याच्यापुढे तारांकन लावून साखळी चढायला सांगा, नाहीतर गावं सोडून नुसते तालुकेच हाती येतील. आणि तालुक्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात १० तालुके होते. निपाणी, कागवाड, मुडलगी, कित्तूर हे त्यानंतरचे. त्यामुळे निपाणीकडचं एखादं गाव अजून चिक्कोडीखालीच नोंदलेलं सापडू शकतं. दुसऱ्या यादीशी जुळवणी करायची असेल तर नावाने करू नका, जनगणनेच्या गाव-क्रमांकाने करा. एकाच नावाची गावं आपल्याकडे काय कमी आहेत?

मराठी नावांसाठी सगळेजण लेबल सर्व्हिसला (आयडीऐवजी नाव, म्हणजे लेबल, देणारी विकिडेटाची सोय) 'मराठी, मग कन्नड, मग इंग्रजी' असा क्रम देतात. नकाशा भरलेला दिसतो, पण सपाट केलेल्या उत्तरात कुठलं नाव कुठल्या भाषेतून आलं हे उरत नाही, आणि तिन्ही नसतील तर क्यू आणि आकडा असा आयडी नाव म्हणून झळकतो. त्यापेक्षा मराठी आणि कन्नड लेबलं दोन वेगळ्या ऑप्शनल (लेबल नसलं तरी गाव गळत नाही अशा) ओळींत मागवा, भाषेचा फिल्टर लावून. मराठी रकाना जिथे रिकामा, ती तुमची कामाची यादी. खात्यात लॉगिन करून ती नावं विकिडेटावर स्वतःच भरा. फक्त गावात विचारून भरा, इंग्रजी स्पेलिंगवरून नको. येळ्ळूरचं येल्लूर करून ठेवलं तर गावकरी तुम्हाला सोडायचे नाहीत.

एकच गाव दोनदा आलं तर घाबरू नका. त्याला दोन सालांची लोकसंख्या नोंदलेली असेल, तर क्वेरी दोन ओळी देते. आयडीवर गट करा किंवा लोकसंख्या मागूच नका.

आता स्थान. पी ६२५ या स्थानाच्या गुणधर्माचं उत्तर 'पॉइंट' म्हणून येतं आणि त्यात रेखांश आधी, अक्षांश नंतर. बेळगाव शहर साधारण ७४.५ आणि १५.८५. लीफलेटला (ब्राउझरमध्ये नकाशा दाखवणारी लायब्ररी) मात्र अक्षांश आधी लागतो. आहे तसं चिकटवलंत तर बेळगाव नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडेल. नकाशा कोरा दिसला की आधी झूम कमी करून वर बघा, गावं बहुतेक तिथेच तरंगत असतील.

शेवटचं, आणि माझ्या मते लायब्ररीच्या निवडीपेक्षा महत्त्वाचं. वाचक पान उघडेल तेव्हा दरवेळी क्वेरी मारू नका. विकिडेटाची सेवा फुकट आहे, सगळ्या जगासाठी आहे, एका क्वेरीला ६० सेकंदांची मर्यादा आहे आणि फार मागण्या केल्या की ४२९ ('फार मागण्या झाल्या' असा एरर) देऊन दार लावते. गावं काही रोज हलत नाहीत. तीच स्क्रिप्ट नोडवर (ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) महिन्यातून एकदा चालवा, उत्तर एका जेसॉन फाइलमध्ये ठेवा आणि पानाला ती फाइल द्या. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज कशी असते हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे छोटी तयार फाइलच उघडेल. नोडवरून मागवताना यूजर-एजंटमध्ये (मागणीबरोबर जाणारी ओळखीची ओळ) प्रकल्पाचं नाव आणि संपर्काचा ईमेल घाला, तो त्यांचा नियमच आहे.

अडलात तर क्वेरी अख्खी इथे चिकटवा. नुसता एररचा फोटो टाकू नका, त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.