वाचकांचे प्रश्न : छावणीतील रंगभूमी

सोलापुरातील एका हौशी नाट्यसंस्थेत काम करणाऱ्या, लष्कर भागातल्या वाचकाने वसाहतींच्या सरहद्दीवर सैनिकांनी केलेल्या नाटकांविषयी काही प्रश्न पाठविले आहेत. सदर बझारमधील एका निवृत्त शिक्षिकेचाही एक प्रश्न याच विषयावर आला आहे. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयासाठी ठेवले आहे.

प्रश्न : लढण्यासाठी सरहद्दीवर ठेवलेले सैनिक तिथे नाटके बसवीत, असे वाचनात आले. ही प्रथा किती जुनी? आणि त्यांना अशा ठिकाणी नाटक सुचायचे तरी कसे?

उत्तर : प्रथा निदान सव्वाचारशे वर्षांची आहे. ३० एप्रिल १५९८ रोजी हुआन दे ओन्याते या स्पॅनिश सेनानीने रिओ ग्रान्दे नदीच्या काठी, आजच्या अमेरिकेतील एल पासो शहराच्या आसपास, स्पेनच्या राजाच्या नावाने पुढच्या साऱ्या मुलखाचा विधिपूर्वक ताबा घेतला. त्याच दिवशी मोहिमेतील मार्कोस फार्फान या कप्तानाने लिहिलेले एक नाटक सैनिकांनी करून दाखविले. नाटकाची संहिता आज उपलब्ध नाही. मात्र त्याच मोहिमेत असलेल्या गास्पार दे व्हियाग्रा याने १६१० मध्ये छापलेल्या आपल्या पद्यमय इतिहासात त्याचा आशय थोडक्यात सांगितला आहे. धर्मोपदेशक नव्या मुलखात येतात, तिथले लोक आनंदाने त्यांना सामोरे जातात आणि गुडघे टेकून बाप्तिस्मा मागतात, असे ते कथानक होते. ज्या लोकांविषयी हे नाटक होते त्यांच्या गावांपर्यंत सैन्य अजून पोहोचलेलेही नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे. लग्न ठरण्याआधीच वरातीचा बँड वाजवावा, तसा हा प्रकार.

सैनिकांना वेळ जात नसे, पुढचे पत्र कधी येईल याचा भरवसा नसे, आणि रिकामपणी दारू व जुगार वाढत, म्हणून वरिष्ठ नाटकाला उत्तेजन देत, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरेच आहे. परंतु नुसता वेळच घालवायचा असता तर पत्ते पुरेसे होते. परक्या मुलखात मूठभर माणसे बंदुका घेऊन बसलेली असतात तेव्हा आपण येथे का आहोत आणि समोरचे लोक कोण आहेत, हे त्यांना स्वतःलाच पुनःपुन्हा सांगावे लागते, आणि नाटक ते काम फार सोयीने करते, असे मला वाटते. १५९८ च्या त्या नाटकात ते उघड दिसते.

बॉस्टन शहरात ते आणखी उघड दिसले. १७७५ च्या हिवाळ्यात अमेरिकन बंडखोरांनी बॉस्टनला वेढा घातला होता आणि आत अडकलेले इंग्रज अधिकारी नाटके करीत होते. बॉस्टन ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्समध्ये १७५० पासून नाटकांना कायद्याने बंदी होती, तरीही नाटके झाली. ती ज्या फॅन्युइल हॉलमध्ये झाली तो तर बंडखोरांच्या सभांचा अड्डा होता. इंग्रजांचा जनरल बर्गॉइन हा स्वतःच नाटककार होता. डिसेंबर १७७५ मधील एका प्रयोगासाठी त्याने नांदीचे पद्य लिहिले आणि त्या प्रयोगाचे उत्पन्न सैनिकांच्या विधवांना व मुलांना द्यायचे ठरले होते. त्यानंतर ८ जानेवारी १७७६ रोजी बॉस्टनच्या वेढ्यावरच रचलेले एक प्रहसन लावण्यात आले. त्यात बंडखोरांचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन केसांचा भला मोठा टोप आणि गंजकी लांब तलवार घेऊन अडखळत येतो, आणि त्याच्या मागे गंजकी बंदूक घेतलेला एक गावंढळ नोकर असतो.

तो प्रयोग रंगात असतानाच एक सार्जंट धावत रंगमंचावर आला आणि बंडखोरांनी जवळच्या चार्ल्सटाउनवर हल्ला केल्याची बातमी त्याने ओरडून सांगितली. प्रेक्षकांना वाटले, हाही नाटकातलाच प्रवेश आहे. सार्जंटाने काम झकास केले म्हणून त्यांनी टाळ्या वाजविल्या. बातमी खरी आहे हे कळायला काही क्षण गेले, आणि मग एकच गोंधळ उडाला. अधिकारी वादकांच्या जागेवरून उड्या मारीत बाहेर धावले आणि रंग लावलेले नट तोंड धुवायला पाणी मागू लागले. (ज्यांनी एकदा तरी तोंडाला रंग लावला आहे त्यांना ठाऊक आहे की तो नुसत्या पाण्याने निघत नाही, खोबरेल तेल लागते. त्या रात्री काही कप्तान गालावर लाली घेऊनच मोर्चावर गेले असतील.) पुढे १७ मार्च १७७६ रोजी इंग्रजांनी बॉस्टन सोडले.

प्रश्न : सैन्यात स्त्रिया नसत. मग स्त्रीपार्ट कोण करीत असे? आपल्याकडच्यासारखे पुरुषच का?

उत्तर : बहुधा पुरुषच, आणि त्यांतल्या एकाची कथा फार मजेदार आहे.

१८४५ च्या अखेरीस अमेरिकेने टेक्सास आपल्यात सामील करून घेतले आणि मेक्सिकोशी युद्ध होणार अशी चिन्हे दिसू लागली. जनरल झॅकरी टेलरचे सैन्य कॉर्पस क्रिस्टी या समुद्रकाठच्या वस्तीजवळ तळ ठोकून बसले होते. करमणुकीला काही नव्हते, म्हणून अधिकाऱ्यांनी स्वतःच सुमारे ८०० प्रेक्षक बसतील असे नाटकगृह उभारले आणि पडदेही स्वतःच रंगविले. खर्च तिकिटांतून भरून काढायचा होता. हलकीफुलकी नाटके करून खर्च वसूल झाला आणि हाती थोडे पैसे उरले, तेव्हा न्यू ऑर्लिन्सहून पोशाख मागवून शेक्सपियरचे ‘ऑथेल्लो’ करायचे ठरले. हा क्रम वाचून कोणाही हौशी संस्थेच्या खजिनदाराला हसू येईल: दोन विनोदी नाटके चालली की लगेच मंडळींना शोकांतिका सुचते.

ऑथेल्लोचे काम लेफ्टनंट थिओडोरिक पोर्टरकडे होते. नायिका डेस्डेमोनासाठी प्रथम जेम्स लाँगस्ट्रीट या अधिकाऱ्याचा विचार झाला, पण तो सहा फुटांहून उंच होता. मग काम आले तेवीस वर्षांच्या, अंगाने लहानखुऱ्या आणि नाकीडोळी नीटस अशा एका लेफ्टनंटाकडे. त्याचे नाव युलिसिस ग्रँट. त्याने पोशाख चढविला, तालमी झाल्या. परंतु समोर पुरुष उभा असता आपल्याला प्रेमाचा भाव आणता येत नाही, अशी पोर्टरची तक्रार होती. शेवटी न्यू ऑर्लिन्सहून गर्ट्रूड हार्ट नावाची व्यावसायिक नटी बोलावण्यात आली आणि ग्रँटचा स्त्रीपार्ट गेला. हाच ग्रँट पुढे यादवी युद्धात उत्तरेचा सरसेनापती आणि १८६९ ते १८७७ या काळात अमेरिकेचा अध्यक्ष झाला. लाँगस्ट्रीट त्याच युद्धात विरुद्ध बाजूचा सेनापती होता, आणि ही आठवण त्यानेच लिहून ठेवली. पोर्टर मात्र त्या नाटकानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १८४६ मध्ये, रिओ ग्रान्देच्या परिसरातील एका चकमकीत मारला गेला.

भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला आणि बालगंधर्वांची भामिनी ज्या समाजाने डोक्यावर घेतली त्याला पोर्टरची अडचण विचित्र वाटेल. फरक असा की आपल्याकडे स्त्रीपार्ट ही वर्षानुवर्षे मेहनत करून कमावलेली कला होती, नटाला त्यासाठी आवाज, चाल, पदर, नजर सगळे घोटावे लागे, आणि समोरच्या नटालाही त्याची सवय असे. छावणीतला स्त्रीपार्ट म्हणजे ज्याला दाढी कमी तो, असा मामला होता. पोर्टरवर फार दोष ठेवता येत नाही.

प्रश्न : वरिष्ठांचा किंवा धर्मगुरूंचा याला कधी विरोध झाला नाही का?

उत्तर : झाला, आणि त्यातला एक विरोध रोख रकमेने मिटला. फ्रेंचांच्या ताब्यातील कॅनडात, क्वेबेक येथे, गव्हर्नर फ्रोंतनाकच्या आश्रयाने अधिकारी नाटके करीत असत. १६९४ च्या आरंभी ते मोलिएरचे ‘तार्त्युफ’, म्हणजे दांभिक धर्मनिष्ठांची खिल्ली उडविणारे नाटक, करणार आणि त्यात मारय नावाचा लेफ्टनंट मुख्य काम करणार, अशी बातमी पसरली. बिशप सें-व्हालिएने नाटकाविरुद्ध आज्ञापत्र काढले, मारयवर कारवाई केली, आणि अखेर नाटक होऊ नये म्हणून गव्हर्नरला शंभर पिस्तोल, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, देऊ केली. गव्हर्नरने ती घेतली. नाटक न करण्याचे मानधन गव्हर्नरने घेतल्याचे मला हे एकच उदाहरण ठाऊक आहे.

अमेरिकन क्रांतीच्या वेळचे प्रकरण इतके गमतीचे नाही. वॉशिंग्टनच्या छावणीत, व्हॅली फोर्ज येथे, ११ मे १७७८ रोजी अधिकाऱ्यांनी ‘केटो’ हे नाटक केले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या काँग्रेसने, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधिसभेने, ठराव केला की जो अधिकारी नाटकात काम करील किंवा नुसते पाहायलाही जाईल, त्याला पदावरून काढावे.

प्रश्न (सदर बझार) : आपल्या रंगभूमीवर गोऱ्या सैनिकांच्या या नाटकांचा काही परिणाम झाला का? आमच्या भागाचे नावच छावणीवरून पडलेले आहे, म्हणून विचारते.

उत्तर : बाई, लष्कर आणि सदर बझार ही दोन्ही नावे छावणीचीच देणगी आहेत. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला, त्यानंतर निजामाच्या हद्दीजवळच्या या गावात इंग्रजांची छावणी आली आणि तिच्या आधाराने बाजार वसला. मात्र मराठी नाटक छावणीत जन्मले नाही. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. त्यात सूत्रधार, विदूषक आणि गणपती-सरस्वती होते, बॉक्स-पीटची, म्हणजे वेगवेगळ्या दरांच्या बैठकींची, नाटकशाळा नव्हती.

ती मुंबईत मिळाली. इंग्रज हौशी मंडळींसाठी १७७६ मध्ये बॉम्बे ग्रीनवर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, एक नाटकगृह उभे राहिले. ते नाटकगृह गेल्यावर १८४६ मध्ये जगन्नाथ शंकरशेटांनी दिलेल्या जागेवर ग्रँट रोडचे नाटकगृह बांधले गेले. तेही इंग्रजी नाटकांसाठीच होते. १८५३ मध्ये भाव्यांनी त्याच ठिकाणी तिकीट लावून आपले खेळ केले. इतकाच आपला छावणीशी संबंध, असे मी म्हणेन. पण तो लहान नाही, कारण संस्थानिकाच्या आश्रयाऐवजी तिकिटावर जगण्याची सवय आपल्या मंडळींना तिथे लागली.

याच संदर्भात एस्थर लीच हिचा उल्लेख करायला हवा. मीरतमध्ये जन्मलेली आणि शिपायाशी लग्न झालेली ही बाई कलकत्त्याजवळच्या दमदम छावणीतल्या सैनिकांच्या नाटकांतून पुढे आली, शहरातल्या चौरंगी नाटकगृहाची मुख्य नटी झाली आणि १८४१ मध्ये पार्क स्ट्रीटवर तिने सां सुसी हे स्वतःचे नाटकगृह उभारले. त्या जागी आज सेंट झेवियर्स कॉलेज आहे. नोव्हेंबर १८४३ मध्ये, म्हणजे भाव्यांचा पडदा उघडला त्याच महिन्यात, विंगेत उभी असताना तेलाच्या दिव्याने तिच्या झग्याने पेट घेतला आणि काही दिवसांतच ती वारली. छावणीतल्या नाटकात स्त्रिया नव्हत्याच, असे ज्यांना वाटते त्यांनी तिची आठवण ठेवावी.

प्रश्न : या विषयावर एकांकिका लिहायची आहे. कोणता प्रसंग घ्यावा?

उत्तर : बॉस्टनचा. त्याला एकच जागा पुरते, पात्रे सहा-सातांच्या वर लागत नाहीत, आणि विनोद कुठे संपला हे प्रेक्षकांना उशिरा कळते. फक्त सार्जंटला विंगेतून आणू नका. त्याला आधीपासून प्रेक्षकांत, मागच्या रांगेत बसवा, आणि तो उठून धावत पुढे येईल तेव्हा प्रेक्षागृहातले दिवे लावायला सांगा.