मी नर्स आहे, नवऱ्याचा मेडिकलशी काही संबंध नाही. परदेशातल्या चर्चच्या मिशन हॉस्पिटलमध्ये दोघांनी वर्षभर सेवेला जावं का? आम्ही ख्रिश्चन नाही.

ताई, प्रश्न तुम्ही विचारलाय पण मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून लिहितोय. माझी बायको लहान मुलांच्या वॉर्डातली नर्स आणि मी इलेक्ट्रिशियन. जून २०२२ ते जून २०२३ असं एक वर्ष आम्ही आफ्रिकेतल्या मलावीत होतो, राजधानी लिलोंग्वेपासून काही तासांवरच्या एका चर्चच्या हॉस्पिटलमध्ये. जावं का, तर जरूर जा, पण मिस्टरांचं वेगळं काम काय आणि ते काम त्यांना कोण सांगणार, हे दोन्ही निघायच्या आधी लेखी घ्या. "तेही येऊ देत, काहीतरी मदत होईलच" एवढ्या बोलण्यावर विमानात बसू नका.

आमचं तेच झालं होतं. पत्रात दोघांचं नाव होतं, काम मात्र एकीलाच होतं. पहिल्या दिवसापासून ती सकाळी साडेसातला वॉर्डात, आणि मी आवारात नुसता फिरतोय, सगळे प्रेमाने "मुली ब्वांजी" म्हणजे कसे आहात विचारतायत, ओळख करून देताना सिस्टरचे मिस्टर म्हणतायत, मी हसतोय आणि आतून रोज थोडा थोडा चिडतोय. ती दमून घरी आली की मला बोलायचं असायचं कारण दिवसभर कोणी भेटलेलं नसायचं, आणि तिला तेव्हा एक शब्द बोलायची ताकद नसायची. पाच आठवडे असे गेले. आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि त्या नऊ वर्षांत आम्ही जेवढं भांडलो नव्हतो तेवढं त्या पाच आठवड्यांत भांडलो.

मग एकदा तीच म्हणाली, वॉर्डातलं ऑक्सिजनचं मशीन चालू दिसतंय पण पोराचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, काही वर येत नाहीये, जरा बघतोस का. तिथे पाइपातून ऑक्सिजन वगैरे नव्हता, कॉन्सन्ट्रेटर होते. हे मशीन खोलीतली हवा ओढतं, झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांमध्ये नायट्रोजन अडकवतं आणि ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन बाहेर देतं. पण दाण्यांना ओल लागली की ते निकामी होतात, मशीन घरघरत राहतं आणि नळीतून येते जवळपास साधी हवाच. बाहेरून काही कळत नाही, ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लावला तरच कळतं, आणि तो कपाटात सेल संपलेला पडला होता. सात मशीनपैकी तीनच ठीक निघाली. दोन तर कोणीतरी दान म्हणून पाठवलेली, ११५ व्होल्टची, आणि मलावीत वीज २३० व्होल्टची, त्यामुळे जोडल्या दिवशीच जळून कोपऱ्यात गेलेली. तिथून माझं वर्ष सुरू झालं असं मी धरतो.

हॉस्पिटलचा मेंटेनन्स बघणारा एक तरुण होता, त्याच्यासोबत मी मशीन उघडायला लागलो. शिकवायला कोणी आलं नव्हतं एवढंच, बाकी हात त्याचा माझ्यापेक्षा चांगला. जाळीचा फिल्टर दर आठवड्याला धुवायचा, महिन्यातून एकदा अ‍ॅनालायझर लावून आकडा वहीत लिहायचा, प्रत्येक मशीनला स्टॅबिलायझर. आणि विजेचं तर विचारू नका, आम्ही पोचायच्या आधी, जानेवारी २०२२ मध्ये, आना वादळाने शिरे नदीवरचं कापिचिरा वीजकेंद्र बंद पडलं होतं, देशातली मोठी वीज तिथून यायची, त्यामुळे आम्ही होतो तोवर जवळपास वर्षभर लोडशेडिंग. जनरेटर होता पण मधेमधे डिझेलच मिळायचं नाही. लाइट गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद, म्हणून भरलेला सिलिंडर वॉर्डातच ठेवायचा आणि तो कसा लावायचा हे रात्रपाळीच्या प्रत्येकाला आलंच पाहिजे, ही आम्हा दोघांची मिळून केलेली एकच गोष्ट, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. नोव्हेंबरनंतर पावसाळ्यात मलेरियाची पोरं यायला लागली, रक्त इतकं कमी की ओठ पांढरे, एका खाटेवर दोन-दोन, तेव्हा त्या वहीतले आकडे बघून ठरायचं कोणतं मशीन कुणाला.

त्यातच कॉलरा. २०२२ च्या मार्चमध्ये दक्षिणेत सुरू झालेली साथ जानेवारी २०२३ पर्यंत इतकी वाढली की लिलोंग्वे आणि ब्लँटायरमधल्या शाळा सुट्टीनंतर उघडल्याच नाहीत लगेच, देशभरात मिळून १,७०० च्या वर माणसं गेली. आम्ही सुताराबरोबर बसून कॉलराच्या खाटा केल्या, मधे भोक, वर प्लास्टिक, खाली बादली, म्हणजे किती पाणी गेलं ते नर्सला मोजता येतं आणि तेवढं भरून देता येतं. हे सांगतोय कारण तुमचे मिस्टर म्हणत असतील मला मेडिकलचं काय कळतं, तर हॉस्पिटलला सुतार, प्लंबर, हिशोब बघणारा, औषधांचा स्टॉक लावणारा, सगळे लागतात. फक्त तिथल्या माणसाचं काम काढून घेऊ नका, त्याच्या शेजारी उभं राहून करा.

आता तुमच्याविषयी. नर्स म्हणून हात लावायचा तर तिथल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, मलावीत ते नर्सेस अँड मिडवाइव्ज कौन्सिल. आपल्या इथल्या नर्सिंग कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचं पत्र, म्हणजे रजिस्ट्रेशन चालू आहे आणि तक्रार नाही असा दाखला, मागवायला आम्हाला फार वेळ लागला, त्यामुळे ते सगळ्यात आधी सुरू करा. स्वयंसेवक असलात तरी कामच करताय, त्यामुळे टुरिस्ट व्हिसावर जाऊ नका, हॉस्पिटलला टेम्पररी परमिटचं विचारा, आणि दोघांचं वेगळं विचारा. हेपेटायटिस बीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने जातात, ते मिस्टरांनीही घ्यायचे.

ख्रिश्चन नसण्याचं म्हणाल तर अर्जातच स्पष्ट लिहा. काही मिशन श्रद्धेचं पत्र मागतात, तिथे मग खोटी सही करू नये असं माझं ठाम मत आहे. आमच्या हॉस्पिटलने मागितलं नाही, मॅरेज सर्टिफिकेट मात्र मागितलं, आवारात एका घरात राहायचं म्हणून. सकाळी सगळ्यांची प्रार्थना व्हायची आणि मग रात्रीचा रिपोर्ट, आम्ही दोघंही रोज जाऊन बसायचो, कोणी आम्हाला बदलायला बघितलं नाही. त्या गाण्याच्या वेळीच मला सगळ्यांची नावं पाठ झाली.

पैशांचं थोडक्यात, विमान आमचं, घर त्यांचं, खर्च आमच्या बचतीतून. पण आम्ही पोचायच्या जरा आधीच, मे २०२२ मध्ये, क्वाचाची, म्हणजे तिथल्या चलनाची, किंमत २५ टक्क्यांनी उतरवली होती. तिथल्या नर्सचा पगार तोच राहिला आणि बाजारातलं सगळं महागलं, आमच्याकडे मात्र डॉलर होते. तेव्हा स्वस्त पडलं हे शब्द तोंडातून काढू नका.

एक अवघड गोष्ट लिहितो कारण आम्हाला कोणी सांगितली नव्हती. फेब्रुवारीत रात्रपाळीत बायकोला सुई टोचली. २०२०-२१ च्या पाहणीत मलावीत प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ९ टक्के होतं. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणूनचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यायचं. ते हॉस्पिटलमध्येच होतं, तासाभरात सुरू झालं, पण शेवटची टेस्ट येईपर्यंत नवरा-बायको म्हणूनही जपून राहावं लागतं, आणि या काळात ती घाबरलेली, मी तिच्यापेक्षा जास्त घाबरलेलो, आणि बोलायला दोघांनाही दुसरं कोणी नाही. टेस्ट निगेटिव्ह आली. तुम्ही आधीच विचारून ठेवा की औषध रात्री कुणाकडे मिळतं, आणि दोघांनीही तिथे आपापलं एक माणूस जोडा, माझा तो मेंटेनन्सवाला होता, तिची एक वयस्कर मिडवाइफ.

आणि एकालाच परत यावं लागलं तर काय, हेही घरीच बोलून घ्या. आफ्रिकेत हॉस्पिटल उभारणारे डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर आपल्या बायकोबरोबर, हेलेनबरोबर, १९१३ मध्ये गॅबोनमधल्या लांबारेनेला गेले, त्या खास त्यासाठी नर्सिंग शिकल्या होत्या, पण पुढे तब्येत ढासळली आणि १९२४ मध्ये ते पुन्हा निघाले तेव्हा त्या लहान मुलीला घेऊन युरोपातच राहिल्या. आमचं ठरलं होतं की एक निघाला तर दुसऱ्यानेही त्याच आठवड्यात निघायचं. तुमचं वेगळं ठरू शकतं, पण ठरलेलं असू द्या.

मिस्टर नेमकं काय काम करतात ते तुम्ही लिहिलंच नाहीये. ते लिहा, आणि जमलं तर त्यांनाच लिहायला सांगा.