कोल्हापूरहून कमी खर्चात थायलंड, मलेशिया, सिंगापूर एकाच फेरीत कसं करावं?

पहिली चूक होते ती मुंबई-बँकॉक-मुंबई असं रिटर्न तिकीट काढण्यात. मग सिंगापूरला पोचून परत बँकॉकला यायचं भाडं उगाच जातं. जाताना मुंबई-बँकॉक आणि येताना सिंगापूर-मुंबई असं काढा. बँकॉक-क्वालालंपूर विमानाने आणि क्वालालंपूर-सिंगापूर बसने जा. ही बस क्वालालंपूरच्या टीबीएस या बस स्थानकातून सुटते, पाच-सहा तास लागतात. शुक्रवार-रविवार टाळा, मलेशिया-सिंगापूर सीमेवरच्या जोहोर बाहरूच्या पुलावर रांगेतच जीव जातो.

स्वस्त विमानांत हातातली बॅग बहुतेक 7 किलोच. चटणी-भडंगाचे डबे भरून विमानतळावर जादा वजनाचे पैसे भरले तर स्वस्त तिकिटाचा फायदा तिथंच संपला.

सिंगापूरचा व्हिसा आधी काढावाच लागतो. बाकी दोघांचे नियम बदलत असतात, त्यामुळे तिकिटाआधी सरकारी साइट बघा. तिन्ही देशांचे ऑनलाइन आगमन अर्ज पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे आणि ते फुकट असतात. पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे. पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत.

महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी मुंबईत पोचते. त्याच सकाळचं विमान धरू नका, रात्रीचं घ्या. सिंगापुरात हॉटेल सगळ्यात महाग, तिथं दोन रात्री पुरे. थायलंडच्या एटीएममध्ये दरवेळी 200 बाटांहून जास्त कापतात, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. मशीनने ‘रुपयांत हिशोब करू?’ विचारलं, तर नको म्हणा.