नागमोडी रेषेवरची मूलद्रव्ये

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. धातू चकाकतात व विजेचे वहन करतात, अधातू तसे करत नाहीत, असे ती शिकली. मग ग्रॅफाइटमधून वीज जाते, आयोडीनचे स्फटिक चकाकतात, तरी ते अधातू का? आणि चकाकणारे सिलिकॉन धातू का नाही?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : आपल्या मुलीची शंका अगदी रास्त आहे. दोन्ही टोकांना तासलेली मऊ शिशाची (म्हणजे खरे तर ग्रॅफाइटची) पेन्सिल, दोन सेल आणि एक लाल एलईडी यांची जोडणी केली तर दिवा लागतो, इतके ग्रॅफाइट विजेचे वाहक आहे. चकाकी, वर्धनीयता (ठोकून पत्रा होणे), तन्यता (ओढून तार होणे) ही धातूंची लक्षणे खरीच आहेत, पण त्यांचे मूळ अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात आहे आणि वर्गीकरणाचा विचार तिथून केला पाहिजे.

धातूचा अणू बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉन सहज सोडतो. हे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे न राहता संपूर्ण तुकड्यात मोकळे फिरतात. म्हणून धातूतून वीज आणि उष्णता वाहते आणि हातोडीच्या घावाने अणूंचे थर सरकले तरी पत्रा सहसा तुटत नाही. अधातूचा अणू इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो, दुसऱ्याकडून घेतो किंवा शेजारच्या अणूशी भागीदारी करतो. ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या चार इलेक्ट्रॉनांपैकी तीन बंधांत गुंततात आणि चौथा थराच्या आत मोकळा राहतो, तर हिऱ्यात चारही गुंतल्यामुळे तोच कार्बन वीजरोधक होतो. आयोडीनचा चकाकता स्फटिक ठोकला तर त्याचा चुरा होतो आणि अभिक्रियेत आयोडीन बहुधा इलेक्ट्रॉन घेऊन आयोडाइड बनते. ऑक्साइडांची कसोटीही उपयोगी आहे, कारण धातूंची ऑक्साइडे सहसा आम्लारिधर्मी आणि अधातूंची सहसा आम्लधर्मी असतात : मॅग्नेशिअमची फीत जाळून उरलेली राख ओल्या तांबड्या लिटमसला निळे करते, तर गंधक जळताना निघणारा वायू ओल्या निळ्या लिटमसला तांबडे करतो. अर्थात ॲल्युमिनिअम आणि जस्त हे धातू असूनही त्यांची ऑक्साइडे उभयधर्मी, म्हणजे आम्ल व आम्लारी दोन्हींशी अभिक्रिया करणारी, असतात, त्यामुळे या एकाच कसोटीवर विसंबता येत नाही.

सिलिकॉनचे वेगळेपण तापमान वाढवल्यावर स्पष्ट होते. तांब्याची तार तापली की अणूंची कंपने वाढून इलेक्ट्रॉनांना अडथळा होतो व वाहकता घटते. शुद्ध सिलिकॉन तापवले तर बंधांत अडकलेले काही इलेक्ट्रॉन सुटतात आणि वाहकता वाढते. शिवाय सिलिकॉन ठिसूळ आहे, त्याचा पत्रा होत नाही. नवी मुंबईतील अनेक सोसायट्यांच्या गच्चीवर सौर पॅनेल दिसतात, त्यांच्या निळसर-काळ्या चकत्या बहुधा सिलिकॉनच्याच असतात. लाखो अणूंमागे एखादा बोरॉनचा किंवा फॉस्फरसचा अणू मिसळून त्यांची वाहकता हवी तशी घडवलेली असते, आणि इतक्या अल्प भेसळीने गुण पालटणे हेच अर्धवाहकाचे, म्हणजे वाहक व वीजरोधक यांच्या मधल्या पदार्थाचे, वैशिष्ट्य आहे.

मुलीला आवर्तसारणीतील चौदावा गण वरून खाली वाचायला सांगावे. कार्बन अधातू, सिलिकॉन व जर्मेनिअम धातुसदृश (धातू व अधातू यांच्या मधले), कथिल आणि शिसे धातू, असा पूर्ण प्रवास एकाच उभ्या रांगेत दिसतो, कारण खाली जाताना बाह्यतम कवच केंद्रकापासून दूर जाते व केंद्रकाची त्यावरची पकड सैल होते. कथिलाचे तर १३ अंश सेल्सिअसखाली हळूहळू ठिसूळ, अधातूकडे झुकणाऱ्या करड्या रूपात परिवर्तन होऊ शकते, म्हणजे एकाच मूलद्रव्यात दोन्ही बाजू आढळतात. याउलट आडव्या आवर्तात डावीकडून उजवीकडे केंद्रकाचा धनप्रभार वाढत जाऊन पकड घट्ट होते. या दोन प्रवृत्ती एकमेकींविरुद्ध असल्यामुळे धातू-अधातूंमधली सीमा सरळ उभी न राहता बोरॉनपासून उजवीकडे उतरत जाणारी नागमोडी रेषा होते.

बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनिअम, आर्सेनिक, अँटिमनी आणि टेल्युरिअम ही सहा मूलद्रव्ये सामान्यतः धातुसदृश मानली जातात. पोलोनिअम व ॲस्टेटाइन काही पुस्तकांत या यादीत असतात, काहींत नसतात, कारण धातुसदृशांची सर्वमान्य व्याख्या अजून ठरलेली नाही. पोलोनिअमची विद्युतवाहकता धातूसारखी तापमानाबरोबर घटते, म्हणून त्याला धातूंतच ठेवणे मला अधिक योग्य वाटते.